फाटक कोणी उघडलं?

माझ्या तीन नेट केबली अजून ग्रेडरसाहेबांकडे आहेत. दोन निळ्या, एक पिवळी. मागितल्या तर ते देतील, नाही असं नाही. पण मागायला गेलं की आधी विचारणार, केबल काढायची वेळ काहून आली होती, आणि मग तो सगळा इतिहास पहिल्यापासून सांगावा लागणार. त्यापेक्षा नवी केबल आणलेली बरी.

कुणाच्या कॉम्प्युटरला काही लागण झाली की राळेगावात त्यांना बोलावत. ते सायकलवर येत. दुकानात शिरले की बोलणं नाही, बसणं नाही, थेट टेबलामागे वाकायचे, नेटची केबल उपटायचे, तिची गुंडाळी करायचे आणि ती पँटच्या खिशात घालायचे. "आधी बैल सोडा, मंग गाडी पाहू," हे ठरलेलं वाक्य. त्यात तथ्य होतं. मशीनमध्ये शिरलेला चोर त्याच तारेतून बाहेरच्या आपल्या मालकाशी बोलतो. तार काढली की त्याचं तोंड बंद होतं. पण केबल टेबलावर ठेवली तरी ते बंद होतंच. ती खिशात घालून, काम संपल्यावर तशीच घरी का न्यायची, हे मला आजवर समजलेलं नाही. मशीन साफ झालेली, दारात दाखल्यांसाठी दहा माणसं उभी, आणि केबल सायकलवर बसून निघून गेलेली.

माझं तहसीलसमोर टायपिंग, झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं केंद्र आहे. वीस वर्षं चालवते आहे. या वीस वर्षांत माझा जीव खाणारी माणसं पुष्कळ भेटली, पण चुकूनही चुकीचं न बोलता जीव खाणारा माणूस हा एकच.

ते मुळात कॉम्प्युटरचे नव्हतेच. आयुष्यभर कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. गाडी आत आली की तिच्यावर चढायचं, कापसात खांद्यापर्यंत हात घालायचा, मधली मूठ बाहेर काढायची, दाबायची, हुंगायची आणि प्रत सांगायची. वरचा कापूस ते बघतच नसत. वजन वाढावं म्हणून आत पाणी मारलेलं असतं आणि वर पांढरा शुभ्र थर असतो, हे त्यांना पहिल्याच हंगामात कळलं होतं. त्यानंतर जगातल्या कुठल्याच गोष्टीचा वरचा थर त्यांनी खरा मानला नाही. लग्नात जेवायला बसले तरी भाताच्या ढिगाला मधून बोट घालून बघायचे.

निवृत्त झाल्यावर घरच्या कॉम्प्युटरमध्ये ट्रोजन शिरला आणि सगळे कागद, फोटो घेऊन गेला. दुसरा माणूस हळहळून गप्प बसला असता. हे चिडले. दोन वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. बाजारातून जुन्या मशीन उचलून आणायच्या, त्यांत मुद्दाम घाण सोडायची, आणि ती कुठे लपते, कशी उठते, कुणाशी बोलते ते बघत बसायचं. त्यांची बायको मला एकदा म्हणाली होती, "घरात साप पाळले असते तं बरं झालं असतं, निदान दिसले असते."

त्यांच्या सवयी सांगत बसले तर संपणार नाहीत. स्वतःचा कीबोर्ड कापडी पिशवीत घेऊन यायचे. दुसऱ्याच्या कीबोर्डला हात लावत नसत. त्यांच्या पेनड्राइव्हला लाल दोरा बांधलेला असे. मशीन त्यावरून सुरू करायचे, म्हणजे आतला चोर जागा न होता त्याची झडती घेता येते. कुणी चुकून त्यांच्यासमोर पासवर्ड बोललं तर दोन्ही कानांवर हात ठेवायचे आणि तो बदलल्याशिवाय खुर्चीवर परत बसायचे नाहीत. तहसीलमधल्या एका बाबूनं गंमत म्हणून मुद्दाम तीनदा पासवर्ड सांगितला. तीनदा बदलावा लागला. चौथा त्याच्या स्वतःच्याच लक्षात राहिला नाही.

पण खरी डोकेदुखी त्यांच्या वहीची.

ती लांबट, खरेदी केंद्रावर मिळायची तशी वही होती. तिच्यात गावातल्या प्रत्येक मशीनचं एक पान. मशीन धडधाकट असताना, ती सुरू झाल्याबरोबर कोणकोणते प्रोग्रॅम आपोआप उठतात, त्यांची यादी ते हातानं लिहून ठेवत. तिला हजेरी म्हणत. मशीन आजारी पडली की त्या यादीवरून एकेक नाव पुकारायचे आणि आपण स्क्रीनवर बघून "आहे" म्हणायचं. यादीत नसलेला कुणी स्क्रीनवर बसलेला दिसला, की तो चोर. मी मान्य करते, पद्धत चांगली होती. माझं भांडण त्याच पानाच्या खालच्या भागाशी होतं.

तिथे एक रकाना असे: फाटक कोणी उघडलं. त्यापुढे नाव आणि सही.

त्यांचं म्हणणं असं, की ट्रोजन भिंत फोडून येत नाही. तो कामाची वस्तू बनून दारात उभा राहतो आणि आपल्यातलंच कुणीतरी त्याला हौसेनं आत घेतं. खरेदी केंद्रात ओली गाडी शिरली तर गाडीवाल्याला शिव्या देऊन उपयोग नसतो, फाटकावर कोण होता ते विचारावं लागतं. म्हणून चोर शोधून देईपर्यंत ते काम करत. चोर काढायचा मात्र त्या माणसाची सही झाल्यावरच. तोवर मशीनवर कपडा टाकून निघून जात, केबल खिशात घेऊन.

एका खासगी शाळेच्या मुख्याध्यापकांनी गाडी बक्षीस लागल्याचा निरोप उघडला होता. ते शिपायाचं नाव सांगत होते, शिपाई बावीस दिवसांपासून रजेवर होता. ग्रेडरसाहेबांनी कपडा टाकला. आठ दिवस शाळेचं काम बंद. मुख्याध्यापकांनी बायकोला पाठवलं, त्यांच्या वतीनं सही करायला. ग्रेडरसाहेबांनी तिला बसवलं, चहा पाजला आणि विचारलं, "वहिनी, गाडी तुमाले लागली होती काय?" नवव्या दिवशी सकाळी दूधवाल्याच्याही आधी मुख्याध्यापक त्यांच्या घरी जाऊन सही करून आले. शाळेत कुणाला कळू नये म्हणून ते इतक्या सकाळी गेले होते. दूधवाल्याला कळलं, म्हणजे गावाला कळलं.

हे ऐकून मी हसले होते. हसायला नको होतं.

माझ्या केंद्रात वंदना काम करते, म्हणजे तेव्हा करायची. आठ किलोमीटरवरच्या खेड्यातून एसटीनं येणारी, तिशीची, कमी बोलणारी बाई. पाच वर्षांत तिनं टाइप केलेल्या कागदात मला चूक सापडली नाही, याचा मला थोडा रागच होता. तिला आपल्या गावात स्वतःचं केंद्र टाकायचं होतं. त्यासाठी सरकारी आयडी लागतो. अर्ज केलेला होता, मंजुरी यवतमाळच्या कार्यालयात अडकली होती.

त्याच सुमारास एका पतसंस्थेचं काम माझ्याकडे आलं. साठ पानांचा अहवाल जुन्या फाँटमध्ये होता, तो युनिकोडमध्ये करून हवा होता. हे काम ज्यांनी केलंय त्यांनाच त्याचा त्रास माहीत. जुन्या फाँटमधली अक्षरं दुसरीकडे नेली की मराठीचा नुसता कचरा होतो. ते बदलणारं माझं सॉफ्टवेअर बंद पडलं होतं, आणि नवं घेण्याची माझी तयारी नव्हती. इंटरनेटवर शोधलं तर एक फुकटचं मिळालं. साठ पानं दहा मिनिटांत, एकही वेलांटी इकडची तिकडे नाही. दुसऱ्या दिवशी मी ते वंदनाला दाखवलंही. म्हटलं, पाह्य, तू दोन दिवस बसली असती.

पुढच्या आठवड्यात ग्राहकांचे फोन सुरू झाले. तुमच्या केंद्राच्या ईमेलवरून बिल आलं, उघडलं तर मशीन अडकली. मी कुणालाच बिल पाठवलं नव्हतं. मग यवतमाळहून पत्र आलं. रविवारी, केंद्र बंद असताना, माझ्या आयडीवरून कुठल्या तरी परक्या ठिकाणाहून कुणी तरी आत शिरलं होतं. आयडी थांबवण्यात आला होता. हे कुणाच्या हातून घडलं ते नावासह लेखी कळवा आणि मशीन साफ केल्याचं सांगा, तीन दिवसांत.

मला फार विचार करावा लागला नाही. आदल्याच आठवड्यात वंदनानं भाच्याच्या लग्नाची पत्रिका छापायला घरून पेनड्राइव्ह आणला होता. बाहेरचा पेनड्राइव्ह लावायचा नाही, हा माझा नियम. मी खुलासा टाइप केला: सदर प्रकार केंद्रातील कर्मचारी यांच्या निष्काळजीपणामुळे घडला. खाली तिचं पूर्ण नाव. छापला आणि तिच्यासमोर ठेवला, कारण पाठीमागे काही करायची मला सवय नाही.

तिनं तो दोनदा वाचला. मग म्हणाली, "मॅडम, हे यवतमाळले गेलं तं माझा आयडी कधीच नाही होत."

मी म्हटलं, "पेनड्राइव्ह लावला होता का नव्हता?"

"लावला होता."

यावर बोलण्यासारखं काही उरत नाही, असं मला वाटलं. मी ग्रेडरसाहेबांना फोन केला.

ते आले, वाकले, केबल खिशात गेली. मी त्यांना वेळ नाही हे सांगितलं, तीन दिवसांतला एक गेला हे सांगितलं, आणि फाटक कोणी उघडलं तेही आपणहून सांगून टाकलं, म्हणजे त्या रकान्याची कटकट तरी वाचेल. त्यांनी वंदनाकडे बघितलं. पेनड्राइव्ह मागितला. तिच्या पर्समध्येच होता. तो त्यांनी आपल्याजवळच्या भंगार लॅपटॉपला लावला आणि पाऊण तास त्याची झडती घेतली. पाऊण तास. आत एक पत्रिका आणि नवरदेवाचे चार फोटो होते.

"सुका आहे," ते म्हणाले, आणि पेनड्राइव्ह तिला परत दिला.

मग हजेरी. ते वहीतून पुकारत होते, मी स्क्रीनवर बघून "आहे" म्हणत होते. माझ्या वयाची बाई, स्वतःच्या केंद्रात, गिऱ्हाइकांसमोर शाळेतल्या मॉनिटरसारखी. वहीतली नावं संपली आणि स्क्रीनवर एक उरलं. प्रिंटरचा मदतनीस असल्यासारखं त्याचं नाव होतं. पण प्रिंटरचं नाव तर आधीच पुकारून झालं होतं.

"एक प्रिंटर अन् दोन मदतनीस," ग्रेडरसाहेब म्हणाले. "याचं घर कुठं आहे पाहू." त्याचं घर प्रिंटरच्या फोल्डरमध्ये नव्हतंच, कुठल्या तरी कोपऱ्यातल्या फोल्डरमध्ये होतं. तोच चोर. आता काढून टाका, असं मी म्हणायच्या आत त्यांनी वहीचं पान माझ्याकडे सरकवलं आणि रकान्यावर बोट ठेवलं.

माझ्या आवाजाला धार आली असणार. मी म्हटलं, "सांगितलं ना तुमाले, वंदनानं उघडलं म्हणून."

तेव्हा वंदना उठली. म्हणाली, "द्या इकडं, मी करते सही. काम तं होऊ द्या."

मी पेन तिच्या पुढे केला. हे मी लपवत नाही. मला त्या क्षणी फक्त मशीन चालू व्हायला हवी होती.

ग्रेडरसाहेबांनी वही मिटली. "ज्यानं उघडलं नाही त्याची सही मले चालत नाही. मंग तं मी कोनाचीही घेतली असती, मुख्याध्यापकाच्या बायकोची घेतली असती." आणि त्यांनी चहा मागवला. पिशवीतून कपडा काढून मांडीवर ठेवला, म्हणजे मला दिसावा.

चहा येईपर्यंत ते स्क्रीनवर त्या फाइलची जन्मतारीख बघत होते. मग वंदनाला म्हणाले, "मागच्या मंगळवारी दोन वाजून दहा मिनिटांनी तू कुठं होती, बाई?"

"मंगळवारी मी इथं नव्हती. यवतमाळले गेलती, आयडीच्या मुलाखतीले."

ते खरं होतं. तिच्या रजेच्या अर्जावर माझीच सही होती. मंगळवारी दिवसभर मी एकटी होते, आणि दुपारी दोनच्या सुमाराला मी पतसंस्थेच्या अहवालाशी झुंजत होते.

ग्रेडरसाहेब माझ्याकडे बघत नव्हते. बशीत चहा ओतत होते. "मॅडम, अँटिव्हायरस म्हंजे चौकीदार. तो मंगळवारी दोन वाजता झोपला होता. तो आपल्या मनानं नाही झोपत, त्याले पासवर्ड देऊन झोपवा लागते. तो पासवर्ड कोनाजवळ आहे, मले सांगू नका. फक्त तुमी मनात आना."

तो माझ्याजवळ होता. फक्त माझ्याजवळ. वंदनानं काही लावू नये म्हणून मीच तो लपवून ठेवला होता. आणि त्या फुकटच्या सॉफ्टवेअरच्या पानावर स्वच्छ मराठीत लिहिलेलं होतं: बसवण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करा, तो विनाकारण हरकत घेतो. मी वाचलं होतं. मला ते पटलंही होतं.

तरी मी म्हटलं, "पण ते सॉफ्टवेअर तं चांगलं चालते. साठ पानं करून दिली त्यानं."

"चालनारच," ते म्हणाले. "जो चालला नसता त्याले तुमी त्याच दिवशी हाकलून देला असता. आपलं काम करून देते, त्याच्यावर कोनी शक घेत नाही."

मी सही केली. पूर्ण नावानं. पेन चालत नव्हता, दोनदा गिरवावं लागलं.

मग त्यांनी अडीच तास घेतले. चोर काढला, तो पुन्हा उठावा म्हणून त्यानं ठेवलेले दोन गडी काढले, त्याला आणणारं ते फाँटचं सॉफ्टवेअरही काढलं. सगळे पासवर्ड आम्ही वंदनाच्या मोबाइलवरून बदलले, कारण माझ्या मशीनवर बदलणं म्हणजे चोरासमोर नवं कुलूप लावणं. ज्यांना ज्यांना ते खोटं बिल गेलं होतं त्या प्रत्येकाला मला स्वतः फोन करायला लावला. ग्रेडरसाहेब शेजारी बसून ऐकत होते. "आमच्या मशीनमधून" म्हटलं की बोटानं खूण करायचे: "माझ्या हातून" म्हणा.

पहिला खुलासा मी फाडला. दुसरा मी सांगितला आणि वंदनानं टाइप केला, कारण माझे हात फोनमध्ये अडकलेले होते. सदर प्रकार केंद्रचालक यांच्या, इथपर्यंत आली आणि ती थांबली.

"निष्काळजीपणा लिहू काय, मॅडम?"

"लिही."

तिनं लिहिलं. चूक अर्थातच नव्हती.

निघताना ग्रेडरसाहेबांनी आणखी एक काम केलं, आणि त्यासाठी मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. खरेदी केंद्रात म्हणे फाटकाची किल्ली मालकाकडे कधी ठेवत नाहीत, कारण गाडी आत यावी अशी सगळ्यात जास्त घाई मालकालाच असते. त्यांनी मला बाहेर ओट्यावर बसवलं, आत वंदनाला चौकीदाराचा नवा पासवर्ड घालायला लावला आणि स्वतः पाठ फिरवून, कानांवर हात ठेवून उभे राहिले. मशीन माझी, केंद्र माझं, आणि मी ओट्यावर. ती पिवळी केबल त्या दिवशी गेली.

माझा आयडी ताकीद देऊन परत सुरू झाला. वंदनाचा पुढच्या महिन्यात मंजूर झाला. आता ती तिच्या गावात स्वतःचं केंद्र चालवते, आणि माझी पाच-सात गिऱ्हाइकं एसटीत बसून तिच्याकडे जातात, कारण तिच्याकडे चुका होत नाहीत.

ग्रेडरसाहेब मागच्या वर्षी पुसदला लेकीकडे राहायला गेले. केबली बहुतेक तिकडेच गेल्या असाव्यात. जाण्यापूर्वी वही कुणाला तरी देणार हे सगळ्यांना माहीत होतं. बऱ्याच जणांना ती हरवावी असं वाटत होतं, मुख्याध्यापकांना तर फारच. वही त्यांनी वंदनाला दिली.

चौकीदाराचा पासवर्ड अजूनही तिच्याचकडे आहे. मी तो मागू शकते. मागितलेला नाही.

आज सकाळी माझा नवा प्रिंटर बसवायचा होता. त्याचं सॉफ्टवेअर एका ठिकाणी पटकन मिळालं, पण चौकीदार हरकत घेत होता. मी वंदनाला फोन लावला. तिच्याकडे गर्दी असावी, मागून माणसांचे आवाज येत होते. तरी तिनं सावकाश विचारलं, "कायले पाह्यजे, मॅडम?"

मी सांगितलं.

"कुठून उतरवलं?"

मी तेही सांगितलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "मी रविवारी येते. तोवर हात नका लावू."

आज बुधवार आहे. दारात सहा माणसं प्रिंटसाठी उभी आहेत, आणि त्यांना मी शेजारच्या दुकानात पाठवते आहे.